निशाणी: डाव्या हाताचा अंगठा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण,
नवी दिल्ली

साहेब,

मी निपाणीचा बॉण्ड रायटर. सब-रजिस्ट्रार कचेरीच्या दारात टेबल टाकून खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र लिहून देणारा. छत्तीस वर्षं हे काम केलं. आता टेबलावर मुलगा बसतो, समोर कॉम्प्युटर असतो, आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून चुका काढतो. या छत्तीस वर्षांत मी किती जणांचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही. पण अंगठ्यांबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं समजून हे पत्र लिहितोय.

अंगठा घेणं दिसतं तितकं सोपं नसतं. पॅडवर शाई जास्त झाली की रेषा बुजतात, कमी झाली तर निम्म्याच उमटतात. बोट दाबायचं नसतं, लोळवायचं असतं, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकदाच. माणसाला सांगावं लागतं, ‘मामा, हात सैल सोडा, जोर लावू नका, जोर मी लावतो.’ जो स्वतः जोर लावतो त्याच्या ठशाचा नुसता काळा डाग होतो. उसाच्या फडातून थेट आलेल्या माणसाचा अंगठा आधी ओल्या फडक्यानं पुसायचा. तंबाखूच्या वखारीतून आलेल्या बाईच्या बोटांना चिकटा असतो, तो पाण्यानं जात नाही, स्पिरिट लागतं. मग ठशाखाली बारीक अक्षरात लिहायचं: नि. डा. हा. अं., म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शेजारी नाव, आणि ते नाव कुणाच्या हातचं तेही.

एवढं करूनही कित्येकांचा ठसा नीट यायचा नाही. निपाणीत तर हे रोजचंच. पण ठसा पुसट आला म्हणून दस्त अडल्याचं मला आठवत नाही. कारण कागदावर ठशाच्या सोबतीला ओळखदार असायचे. दोन माणसं रजिस्ट्रारसमोर उभी राहून सांगायची, हीच ती बाई, आम्ही हिला ओळखतो, आणि खाली आपल्या सह्या ठोकायची. उद्या ते खोटं निघालं तर खटला त्यांच्यावर. ठसा हा पुरावा होता आणि माणसाचा शब्द हाही पुरावा होता. एक लंगडला तर दुसरा हात द्यायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो.

आमच्या गल्लीत एक आक्का राहतात. वय सत्तरीच्या आसपास, नवरा नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून विड्या वळत आल्या, डोळे साथ देईनात तेव्हा थांबल्या. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या त्या रिकामी पिशवी घेऊन. “आण्णा, थंब बसंना झालाय,” म्हणाल्या. “तीनदा गेले. तो म्हणतोय सर्व्हर न्हाई, मग म्हणतोय सर्व्हर हाय पण तुमचं बोट न्हाई.”

मी रेशनच्या दुकानात सोबत गेलो. दुकान कुठलं ते लिहीत नाही, कारण दुकानदाराची काही चूक नव्हती. भला माणूस. त्यानं आक्कांचा अंगठा आपल्या शर्टाला पुसला, यंत्रावर ठेवला. लाल. मग तर्जनी. लाल. डोक्याला जरा खोबरेल लावलेलं असतं त्यावर बोट घासून पुन्हा. लाल. मागं रांग लागलेली. रांगेतल्या बायकांपैकी निम्म्या आक्कांना नावानं हाक मारणाऱ्या, दुकानदार तर त्यांच्या मांडीवर खेळलेला. त्या चौकातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं की ही बाई कोण आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या यंत्राला, आणि निकाल त्याचाच चालत होता.

मला छत्तीस वर्षांची सवय. मी म्हटलं, करंगळी ठेव बघू, डाव्या हाताची. हिरवा दिवा लागला आणि कागदाची पट्टी बाहेर आली. विडी वळताना करंगळीला फारसं काम नसतं, एवढंच माझं शास्त्र.

साहेब, विडी कशी होते ते आपण कधी जवळून पाहिलंय का, मला ठाऊक नाही. रात्री पान भिजत घालायचं. सकाळी ओल्या फडक्यातनं काढून पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं. मांडीवर सूप. सुपात जर्दा. पानाचा तुकडा डाव्या हातात, चिमूटभर जर्दा, मग दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची दोन-दोन बोटं मिळून ते पान वळतात, घट्ट पण फार घट्ट नाही, दोऱ्याचे वेढे, आणि तोंड नखानं मुडपून बंद. वळताना पान अंगठ्याच्या बरोबर त्या जागेवरून घासत जातं जिथं आपलं यंत्र वाचायला बघतं. आक्का उमेदीत दिवसाला आठशे वळायच्या, असं त्या सांगतात. वर्षाचे तीनशे दिवस आणि पस्तीस वर्षं धरली तरी ८४ लाख विड्या होतात. दगडाची पायरीसुद्धा इतक्यांदा घासली तर गुळगुळीत होईल.

कातडीचं शास्त्र मी वाचून घेतलं. बोटावर ज्या रेषा दिसतात त्यांचा मूळ साचा खालच्या थरात असतो. वरचं झिजलं तरी कामाला विसावा दिला की काही आठवड्यांत रेषा परत वर येतात. म्हणजे विडी वळणाऱ्या बाईला रेशनचं माणशी पाच किलो धान्य हवं असेल तर तिनं आधी महिनाभर विड्या वळायचं थांबवावं. आणि वय झालं की कातडीचा ताणच जातो, मग विसावा देऊनही उपयोग नसतो. २००९ साली डॉक्टरांच्या एका नियतकालिकात सिंगापूरच्या एका कर्करोग्याची हकीकत आली होती: औषधानं त्याच्या बोटांच्या रेषा गेल्या आणि अमेरिकेच्या विमानतळावर त्याला चार तास अडकवून ठेवलं. त्यावर उपाय काय निघाला? डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून प्रवास करायचा. शेवटी एका माणसाच्या शब्दावरच गाडी आली.

बोटाच्या ठशाचा इतिहास आपल्याच देशातला आहे, हे वाचून मला जरा अभिमानही वाटला आणि हसूही आलं. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या सामानाच्या कंत्राटावर राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा अख्खा पंजाच शाईनं उमटवून घेतला. ओळख पटवण्याचा विचार त्या वेळी त्याच्या मनात नव्हता. उद्या या माणसानं सहीच नाकारू नये, म्हणून धाक घालायचा होता. पुढं १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, जगातली पहिली, आणि ठशांची वर्गवारी ज्या पद्धतीनं जगभर होऊ लागली ती उभी केली अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी. नाव मात्र त्यांच्या साहेबाचं लागलं, एडवर्ड हेन्रीचं. तेव्हा ठसा हा मुळापासूनच अविश्वासातून जन्मला. वरचा खालच्याला विचारतो, तूच कशावरून? खालच्यानं वरच्याला असं विचारायची सोय कागदात नव्हती, यंत्रातही नाही.

आमच्याकडे त्याच्याही आधी वेगळी रीत होती. जुन्या मराठी महजरांवर पाटलाची निशाणी नांगर असायची. बलुतेदार आपापल्या हत्याराचं चित्र काढायचे. लिहिता न येणारा माणूस आपण काय काम करतो तेच काढून दाखवायचा, आणि ती त्याची सही धरली जायची. आक्कांना त्या काळी कुणी विचारलं असतं तर त्यांनी कात्री आणि सूप काढलं असतं. आज त्याच कात्री-सुपानं त्यांची निशाणी खाल्ली, आणि आम्ही म्हणतो बाईची ओळख पटत नाही.

न्यायवैद्यक शास्त्रात ठसे तपासणाऱ्या तज्ज्ञापुढं तीन उत्तरं असतात. जुळतो. जुळत नाही. आणि तिसरं, सगळ्यात प्रामाणिक: सांगता येत नाही, ठसा तुलनेला योग्य नाही. बेळगावात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तिथल्या तज्ज्ञाकडे पुसट ठसा गेला तर तो ‘अयोग्य’ असा शेरा मारून परत पाठवेल, आरोपीचा नाहीच असं ठोकून देणार नाही. नामांकित लोकही चुकतात, म्हणून ही सावधगिरी. २००४ साली माद्रिदच्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेच्या एफबीआयनं एका पुसट ठशावरून ओरेगॉनमधल्या एका वकिलाला दोन आठवडे डांबलं. पुढं स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा भलत्याच माणसाचा असल्याचं दाखवलं, आणि एफबीआयला माफी मागावी लागली.

रेशनच्या यंत्राला तिसरं उत्तर नाही. त्याच्याकडे हिरवा आणि लाल, दोनच. ‘मला वाचता आलं नाही’ आणि ‘ही ती बाई नव्हे’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्ही एकाच लाल दिव्यात निघतात.

आता आपल्याच प्राधिकरणाची एक गोष्ट आपल्याला सांगतो. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून आमच्या भागात त्या बातमीची चर्चा झाली होती. २०१३ साली वास्कोत एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे. जागेवर ठसे मिळाले होते. सीबीआयनं मागणी केली की गोव्यात ज्यांनी आधार काढलंय त्या सगळ्यांचे ठसे आम्हाला द्या, जुळवून बघतो. कोर्टानं तसा हुकूम दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं, आणि आपलं प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात धावलं. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. आपलं म्हणणं होतं की हे ठसे गुन्हेशोधासाठी घेतलेले नाहीत, ही व्यवस्था त्यासाठी बांधलेली नाही.

मला ते म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. आधार कायद्याच्या २९ व्या कलमानं बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे कुणालाही द्यायला बंदी आहे, ती राहिलीच पाहिजे. बेवारस मृतदेहाची ओळख आधारवरून का पटवत नाही, असा सवाल दिल्ली उच्च न्यायालयात निघाला तेव्हाही २०१८ साली आपण नाहीच म्हणालात. वेदगंगा-दूधगंगेला पूर आला की इथं असे प्रसंग येतात, नातलग तळमळतात, तरी मी म्हणतो, नको. एकदा ते दार पोलिसांसाठी किलकिलं झालं की बंद होणार नाही. पोलिसांना हवे ते ठसे मिळवायला २०२२ चा वेगळा कायदा आहे. आरोपींचे ठसे, बुबुळं, सह्या ७५ वर्षं जपून ठेवायची त्यात तरतूद आहे. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

मुद्दा असा. एका माणसाला गुन्हेगार ठरवायला आपले ठसे पुरेसे नाहीत, असं आपण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगितलंत. मग एका म्हातारीला ‘तू तू नव्हेस’ असं सांगायला ते पुरेसे कसे झाले? तांत्रिक फरक मला कळतो. लाखोंच्या ढिगातून एक शोधणं वेगळं आणि एकाच्या समोर एक ठेवून बघणं वेगळं. एकात भलत्याच माणसाला पकडण्याची चूक, दुसऱ्यात खऱ्या माणसाला हाकलण्याची. पण पहिली चूक होऊ नये म्हणून आपण सर्वोच्च न्यायालयात वकील उभे केलेत. दुसरीसाठी दुकानात कुणी उभं नसतं.

त्या दुसऱ्या चुकीचं प्रमाण आपणच सांगितलंय. मार्च २०१८ मध्ये आधारच्या खटल्यात न्यायालयापुढं सादरीकरण झालं, त्यात सरकारी सेवांसाठीची पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते असा आकडा आला. शंभरात बारा वेळा लाल. त्यातल्या काहींचं पुन्हा बोट ठेवून जमत असेल, हे मान्य. तरी हे बारा कोण असतील, याचा अंदाज बांधायला निपाणीच्या माणसाला संगणक लागत नाही. विडी वळणारी, दगड फोडणारा, भांडी घासणारी, वीटभट्टीवरचा, म्हातारा, म्हातारी. बँकेतल्या कारकुनाचा अंगठा अडकल्याचं मी ऐकलेलं नाही. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आमच्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २६ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला, बहुमतानं आधार टिकलं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्यानं विरोधी मत लिहिलं. पण बहुमताच्या निकालातही हे नोंदवलेलं आहे की पडताळणी फसली म्हणून कुणाही पात्र माणसाचा लाभ नाकारला जाणार नाही, असा शब्द सरकारच्या महान्यायवाद्यांनी दिला.

त्याच्याही आधी, २४ ऑक्टोबर २०१७ ला, आपल्या प्राधिकरणानं परिपत्रक काढलेलं आहे. बोट नाही जुळलं तर डोळा, नाहीतर मोबाइलवर ओटीपी, तेही नाही झालं तर आधार कार्ड बघून धान्य द्या आणि वेगळ्या नोंदवहीत अपवाद म्हणून लिहून ठेवा. परिपत्रक चांगलं आहे. मी त्याची प्रत काढून आक्कांच्या पिशवीत ठेवली आहे. इंग्रजीत आहे, त्यामुळे ती आक्कांना वाचता येत नाही.

एकेक पर्याय आमच्या गावात नेऊन बघा. डोळ्याचं म्हणाल तर आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालेलं. आणि त्या दुकानात डोळ्याचं यंत्र नव्हतंच. आता चेहऱ्यावरून पडताळणी आलीय असं ऐकतो. बरं होईल, फक्त त्याला चांगला मोबाइल आणि चांगलं नेटवर्क लागतं, आणि बोटानंतर चेहराही झिजतो हे लक्षात असू द्या. ओटीपीचं म्हणाल तर आधारला जोडलेला नंबर आहे आक्कांच्या पोराचा. तो कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. शिफ्टला जाताना फोन लॉकरात. ओटीपी निपाणीतून मागवायचा, तो कागलला लॉकरात जाऊन वाजतो आणि दहा मिनिटांत मरतो. कर्नाटकातलं धान्य, महाराष्ट्रातला ओटीपी. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्यात आणखी एक कलम घाला म्हणतो मी गमतीनं.

सीमाभाग म्हटल्यावर नावाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण बोट जुळलं तरी इथं नाव अडतं. आमच्याकडच्या माणसाचा शाळेचा दाखला मराठी, रेशन कार्ड कन्नड, आधार इंग्रजी आणि कन्नड. एकच आडनाव या तीन लिप्यांतून फिरून येतं तेव्हा स्वतःला ओळखत नाही. कन्नडात शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारतात, त्यावरून कुणी इंग्रजी केलं की पाटीलचा पाटीला होतो आणि कदमचा कदमा. साळुंखेचे तर मी एकाच घरात तीन प्रकार पाहिलेत: साळुंखे, सालुंके, साळुंकी. बापाचं एक, पोराचं एक, सुनेचं तिसरं. सून बहुतेक वेळा नदीपलीकडची, कागल किंवा मुरगूडची. माहेरी नावात मधे बापाचं नाव, इथं नवऱ्याचं. माहेरचं आधार मराठीत छापलेलं, पत्ता महाराष्ट्राचा. तिला गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार हवेत तर रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव पाहिजे, बँकेत आधार जोडलेलं पाहिजे, आणि सगळीकडे स्पेलिंग एक पाहिजे. आमच्या जिल्ह्याचं ‘बेळगाव’ १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगावी’ झालं, तेव्हा सरकारनं एका आदेशात सगळ्या पाट्या बदलल्या. साळुंख्यांच्या सुनेला एक अक्षर बदलायला तीन चकरा आणि एक गॅझेट. असो. हा राग निराळा.

परत ठशाकडे. परिपत्रकात जी अपवादाची नोंदवही सांगितलीय ती मी दोन-तीन ठिकाणी मागून पाहिली. कुणाला माहीत नव्हती. एकानं वही दाखवली ती उधारीची होती.

मग मी एक उद्योग केला. आक्कांच्या पोराची सुटी असताना त्याला बसवून त्यांच्या आधारची मागच्या सहा महिन्यांची पडताळणीची यादी आपल्या संकेतस्थळावरून काढली. ही सोय आपण दिलीत, त्याबद्दल खरंच आभार. यादीत सगळं होतं. तारीख, वेळ, बोट की ओटीपी, आणि पुढं फसल्याचा क्रमांक: ३००. म्हणजे ठसा जुळला नाही. ज्या ज्या दिवशी आक्का रिकाम्या हातानं परत आल्या त्या त्या दिवसाचा पुरावा सेकंदासकट दिल्लीत जमा होता. आक्कांच्या हातात मात्र चिटोरंही नव्हतं. धान्य मिळालं की यंत्र पावती देतं. नाकारलं की त्यातून काहीच बाहेर येत नाही. तहसीलदाराकडे तक्रार करायला जावं तर तो पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही दुकानात गेला होता याला पुरावा काय?

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. आता पोलिसांना झडती घेताना, माल जप्त करताना चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर आलं पाहिजे असं कायद्यात लिहिलंय. चांगलं झालं. पंचनामा हा शब्द आमच्या भागात लहान पोरालाही कळतो: काय झालं, कुठं झालं, कधी झालं, कोण हजर होतं, ते तिथल्या तिथं कागदावर, पंचांच्या सह्यांनिशी. चोराच्या घरातून घड्याळ उचललं तर त्याचा पंचनामा होतो. म्हातारीच्या पिशवीत पडायचं धान्य परत ठेवलं तर त्याचा का होऊ नये?

निपाणीच्या बायका हक्कासाठी रस्त्यावर उतरायला शिकलेल्या आहेत, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. वखारीतल्या बायकांची संघटना इथं सुभाष जोशींनी बांधली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर रस्ता अडवला, एप्रिलच्या ६ तारखेला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली. १९८२ साली दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं वखारीतल्या बायकांवर माहितीपट केला. त्यात बायका तंबाखूच्या धुरळ्यात, तोंडाला पदर बांधून काम करताना दिसतात. त्यांना अंगठाछाप म्हणणारे तेव्हाही होते. कन्नडात त्याला ‘हेब्बेट्टू’ म्हणतात, अर्थ तोच, हेटाळणीही तीच. आता त्यांच्यातल्या ज्या हयात आहेत त्यांना अंगठाही उरला नाही.

म्हणून माझं मागणं सांगतो, फार नाही.

पहिलं, बोट फसलं की यंत्रातून पट्टी निघाली पाहिजे. तारीख, वेळ, दुकानाचा क्रमांक, कारण. कर्नाटकात कन्नडमध्ये काढा, माझी हरकत नाही, पण निपाणी-बेळगाव-खानापूरकडे त्याखाली मराठीच्या दोन ओळी टाका. ३०० असा आकडा छापू नका. ‘ठसा वाचता आला नाही’ असं छापा.

दुसरं, पट्टी हातात आली की अपवादाची वही आपोआप उघडावी लागेल. त्या वहीत रांगेतल्या दोघांच्या सह्या घ्या. खोटी सही केली तर खटला भरा. लाखो रुपयांची जमीन दोन ओळखदारांच्या शब्दावर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते, पाच किलो तांदूळ जायला काय हरकत आहे? दुकानदार यातून खोटे अपवाद दाखवील, अशी भीती आपल्या लोकांना वाटेल. दाखवील एखादा. त्याला पकडायला पोलीस आहेत, आणि ती वही हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा असेल.

तिसरं, विडी कामगारांना कामगार खात्यानं फोटोचं ओळखपत्र दिलेलं आहे. बोट का झिजलं त्याचं उत्तर त्या कार्डावरच छापलेलं असतं. ते कार्ड समोर आलं की बोटाचा आग्रह सोडा.

आणि आपल्याकडे माणसाचं सगळ्यांत चांगलं बोट कोणतं ते शोधून ठेवायची सोय पहिल्यापासून आहे. ‘बेस्ट फिंगर’ म्हणतात तुमच्याकडे. निपाणीत ती कुणी वापरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कॅम्प लावा, दहाही बोटं तपासा, आणि ज्याचं जे चांगलं ते त्याच्या रेशन कार्डावर लिहून द्या. दुकानदाराला अंदाज बांधत बसायला नको आणि म्हातारीला खोबरेल लावायला नको.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका आदिवासी बाईच्या हातात दिलं गेलं. पंतप्रधान आले होते. हे सगळं मुळात अशाच बायकांसाठी आहे, असं तेव्हा सांगितलं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. पुढं गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन नोंदणीला मीच गेलो होतो. आक्कांची दहा बोटं काचेवर मीच एकेक करून ठेवली.

आक्कांची करंगळी चार महिने चालली. मागच्या महिन्यात तीही लाल झाली. उजव्या हाताच्या अनामिकेवर निभावलं. अजून सहा बोटं तपासायची राहिली आहेत. ती संपायच्या आत उत्तर आलं तर बरं.

आपला,
निपाणीतला एक जुना बॉण्ड रायटर